फोर्ड पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स प्रकरण

फोर्ड पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स प्रकरण म्हणजे फोर्ड मोटर कंपनीच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्ट या मोटारींत बसवलेल्या ‘डीपीएस६’ या स्वयंचलित गिअरबॉक्समधील दोषांविषयी अनेक देशांतील वाहनमालकांनी केलेल्या तक्रारी आणि त्यांतून उभे राहिलेले न्यायालयीन वाद होत. सहा गिअर आणि कोरडा दुहेरी क्लच असलेला हा गिअरबॉक्स कंपनीने ‘पॉवरशिफ्ट’ या व्यापारी नावाने विकला. नव्या मोटारी सुरुवातीच्या काही हजार किलोमीटरांतच थरथरू लागणे, झटके देणे, जागेवरून निघताना अडखळणे आणि क्वचित चालत्या स्थितीत चाकांकडे जाणारी शक्ती तुटणे अशा या तक्रारी होत्या. अमेरिकेत २०११ ते २०१६ या वर्षांच्या फिएस्टा व २०१२ ते २०१६ या वर्षांच्या फोकस मोटारींच्या मालकांचा सामूहिक दावा सुमारे १९ लाख आजी-माजी मालक व भाडेकरार धारकांना लागू होता. ऑस्ट्रेलियात याच गिअरबॉक्सच्या तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीबद्दल कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

यंत्रातील दोष आणि ‘दोष आहे’ हे सिद्ध करण्यात एकट्या ग्राहकाला येणारी अडचण, असे या प्रकरणाचे दोन पैलू आहेत. त्यामुळे मोटारउद्योगाबरोबरच ग्राहक संरक्षणाच्या अभ्यासातही त्याचा विचार होतो.

पार्श्वभूमी

मोटारीचे इंजिन ठरावीक वेगमर्यादेतच कार्यक्षमतेने फिरते. चाकांचा वेग मात्र शून्यापासून बराच वरपर्यंत बदलत असतो. या दोहोंचा मेळ घालण्याचे काम गिअरबॉक्स करतो. हाताने गिअर बदलण्याच्या पद्धतीत चालक पायाने क्लच दाबून इंजिन व गिअरबॉक्स यांचा संबंध क्षणभर तोडतो आणि गिअर बदलून तो पुन्हा जोडतो. परंपरागत स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर हे तेलाने भरलेले साधन असते. त्यात शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे जात असल्याने मोटार मऊपणे चालते, परंतु काही शक्ती वाया जाऊन इंधन अधिक लागते.

दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्समध्ये या दोन्ही पद्धतींचे गुण एकत्र आणण्याचा प्रयत्न असतो. मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या मोटारींत ही पद्धत प्रथम फोक्सवॅगन कंपनीने २००३ मध्ये आणली. २००८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पेट्रोलचा भाव गॅलनला चार डॉलरच्या वर गेला आणि कमी इंधन पिणाऱ्या छोट्या मोटारींना मागणी वाढली. या काळात फोर्डने फिएस्टा व फोकस यांच्या नव्या आवृत्त्यांसाठी गेट्राग कंपनीच्या सहकार्याने तयार झालेला कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स निवडला. चार गिअरांच्या जुन्या स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तुलनेत यामुळे इंधनाची नऊ टक्क्यांपर्यंत बचत होईल, असा कंपनीचा दावा होता.

रचना व कार्य

डीपीएस६ मध्ये एकाच आवरणात दोन क्लच असतात. एका क्लचशी १, ३ व ५ हे विषम गिअर आणि दुसऱ्याशी २, ४ व ६ हे सम गिअर जोडलेले असतात. मोटार दुसऱ्या गिअरमध्ये धावत असतानाच नियंत्रक संच तिसरा गिअर जुळवून ठेवतो. योग्य क्षणी एक क्लच सुटत असताना दुसरा पकड घेतो. त्यामुळे शक्तीचा प्रवाह फारसा खंडित होत नाही.

चालकाच्या दृष्टीने ही मोटार पूर्णपणे स्वयंचलित असते. तिच्यात क्लचचे पेडल नसते. आतील रचना मात्र हाताने बदलण्याच्या गिअरबॉक्सच्या जवळची असते. क्लच दाबणे व गिअर बदलणे ही कामे विजेच्या छोट्या मोटरी करतात आणि त्यांना आज्ञा देणारा संगणकीय नियंत्रक (टीसीएम) गिअरबॉक्सवरच बसवलेला असतो.

दुहेरी क्लच ओले आणि कोरडे अशा दोन प्रकारचे असतात. ओल्या प्रकारात क्लचच्या तबकड्या तेलात फिरतात आणि घर्षणाची उष्णता तेल वाहून नेते. कोरड्या प्रकारात तेलाचा पंप लागत नसल्याने वजन व इंधन वाचते, परंतु उष्णता बाहेर टाकण्यास हवेखेरीज आधार नसतो. शहरातील गर्दीत मोटार इंचाइंचाने पुढे सरकते तेव्हा क्लच पूर्ण जुळलेला नसतो आणि पूर्ण सुटलेलाही नसतो. या अर्धवट पकडीत सर्वाधिक उष्णता निर्माण होते. फोर्डने ‘पॉवरशिफ्ट’ हेच नाव ओल्या क्लचच्या काही गिअरबॉक्सनाही दिले होते. प्रस्तुत प्रकरण कोरड्या क्लचच्या डीपीएस६ पुरतेच आहे.

तक्रारींचे स्वरूप

वेगवेगळ्या देशांतील मालकांच्या तक्रारींत विलक्षण साम्य आढळते. त्यांतील प्रमुख तक्रारी पुढीलप्रमाणे आहेत :

थरथर : जागेवरून निघताना किंवा कमी वेगात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये संपूर्ण मोटार थरथरणे.
अडखळणे : ॲक्सिलरेटर दाबल्यावर मोटारीने क्षणभर प्रतिसाद न देणे व नंतर एकदम पुढे झेपावणे. चौकात वळताना किंवा मुख्य रस्त्यावर प्रवेश करताना हा विलंब धोकादायक वाटत असे.
घसरणे : इंजिनाचा आवाज चढणे, परंतु मोटारीचा वेग त्या प्रमाणात न वाढणे.
शक्ती तुटणे : चालत्या मोटारीत गिअर सुटल्यासारखे होऊन चाकांना शक्ती न मिळणे, किंवा मोटार सुरूच न होणे. हा प्रकार बहुधा नियंत्रकाच्या बिघाडाशी संबंधित असे.

तक्रारींतील आणखी एक समान बाब म्हणजे दुरुस्तीची पुनरावृत्ती. क्लच बदलल्यानंतर काही महिने मोटार नीट चालत असे आणि मग तीच थरथर परत सुरू होई. एकाच मोटारीचा क्लच दोन-तीनदा बदलावा लागल्याची उदाहरणे न्यायालयांपुढे आली.

तांत्रिक कारणे

तक्रारींमागे एकच एक कारण नव्हते. न्यायालयीन सुनावण्या आणि कंपनीच्या दुरुस्ती कार्यक्रमांवरून पुढील कारणे पुढे आली.

पहिले कारण सीलमधून होणारी गळती हे होते. गिअरबॉक्समध्ये इंजिनाची शक्ती आणणाऱ्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून कोरड्या क्लचवर येत असे. कोरड्या क्लचची पकड घर्षणावर अवलंबून असते. त्यावर तेलाचा पातळ थर आला तरी पकड एकसारखी राहत नाही आणि मोटार थरथरते.

दुसरे कारण क्लचच्या अस्तराचे होते. सुरुवातीला वापरलेल्या घर्षण-अस्तराची पकड तापमान व वापरानुसार बदलत असे. पुढे कंपनीने अस्तराचा माल आणि सील दोन्ही बदलले.

तिसरे कारण नियंत्रकातील होते. टीसीएममधील विद्युत मंडलावर सोल्डरच्या जोडांना तडे जाऊन संपर्क तुटत असे. गिअरबॉक्सवरच बसवलेल्या या भागाला कंपने आणि तापमानातील चढउतार सतत सोसावे लागतात.

चौथे कारण मूळ आराखड्याशी संबंधित होते. इंजिनाच्या प्रत्येक स्फोटाबरोबर शाफ्टमध्ये पिळवटणारी कंपने निर्माण होतात. ओल्या क्लचमधील तेल किंवा टॉर्क कन्व्हर्टर ती बऱ्याच अंशी शोषून घेतात. डीपीएस६ मध्ये ती शमवण्याची व्यवस्था अपुरी असल्याचे ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२१ मध्ये नमूद केले. सुटे भाग बदलून पहिली तीन कारणे दूर करता येत होती, हे चौथे मात्र तसे नव्हते.

दोषनिदानातील अडचणी

यंत्र पूर्ण बंद पडले तर दोष सर्वांना दिसतो. डीपीएस६ चा दोष मात्र बहुधा येऊन-जाऊन दिसणारा होता. सकाळी थंड असताना नीट चालणारी मोटार संध्याकाळच्या गर्दीत थरथरे आणि कार्यशाळेत नेल्यावर पुन्हा नीट चाले. अशा वेळी दुरुस्तीच्या कागदावर ‘दोष आढळला नाही’ अशी नोंद होई.

थरथर मोजण्यासाठी कार्यशाळेत संगणकीय चाचणी घेतली जाई. तीत मोजलेली थरथर कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेली तरच क्लच बदलून मिळे. मर्यादेच्या आत असलेली थरथर ‘या प्रकारच्या गिअरबॉक्सचे स्वाभाविक लक्षण’ मानली जाई.

बऱ्याचदा नियंत्रकातील प्रणाली अद्ययावत करून क्लचची पकड नव्याने ‘शिकवली’ जाई. त्यानंतर काही दिवस मोटार सुधारल्यासारखी वाटे. या मधल्या काळात हमीची मुदत मात्र पुढे सरकत राही. म्हणूनच कार्यशाळेतील प्रत्येक भेटीची तारीख, किलोमीटरची नोंद आणि दुरुस्तीचा कागद यांना पुढील दाव्यांत निर्णायक महत्त्व आले.

अमेरिकेतील घडामोडी

अमेरिकेत फिएस्टा व फोकसच्या मालकांनी २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील केंद्रीय जिल्हा न्यायालयात सामूहिक दावा दाखल केला. २०१४ मध्ये फोर्डने ‘ग्राहक समाधान कार्यक्रम’ या नावाने हमी वाढवली. क्लच व इनपुट शाफ्टच्या सीलसाठी ती सात वर्षे किंवा १,००,००० मैल (सुमारे १,६०,००० किलोमीटर) आणि टीसीएमसाठी दहा वर्षे किंवा १,५०,००० मैल (सुमारे २,४०,००० किलोमीटर) अशी करण्यात आली.

हमी वाढवणे आणि वाहने परत बोलावणे (रिकॉल) यांत महत्त्वाचा फरक आहे. रिकॉलमध्ये सुरक्षेला बाधक दोष मान्य करून सर्व मालकांना दुरुस्तीसाठी बोलावले जाते. वाढीव हमीत मालकाने स्वतः तक्रार घेऊन जावे लागते आणि दोष सिद्ध झाल्यावरच दुरुस्ती होते. डीपीएस६ च्या क्लचबाबत अमेरिकेत दुसरा मार्ग अवलंबला गेला.

सामूहिक दाव्यातील तडजोडीला २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने मान्यता दिली. तीनुसार एकाच दोषासाठी किमान तीनदा सुटे भाग बदलावे लागलेल्या मालकांना टप्प्याटप्प्याने वाढणारी रोख भरपाई मिळणार होती. वारंवार दुरुस्ती होऊनही दोष न गेलेली मोटार कंपनीने परत विकत घ्यावी यासाठी लवादाची सोय होती. ही भरपाई अपुरी असल्याचा आक्षेप काही मालकांनी घेतला. सप्टेंबर २०१९ मध्ये नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने, तडजोडीची पुरेशी छाननी झाली नसल्याचे सांगून ती मान्यता रद्द केली. पुढे सुधारित तडजोडीत कंपनीने किमान तीन कोटी डॉलर रोख भरपाईची हमी दिली आणि २०२० मध्ये तिला मान्यता मिळाली. अनेक मालकांनी या तडजोडीतून बाहेर राहून स्वतंत्र दावे केले. सदोष वाहनांविषयीचा कॅलिफोर्नियातील कायदा त्यांना अधिक लाभदायक होता.

जुलै २०१९ मध्ये डेट्रॉइट फ्री प्रेस या दैनिकाने कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवर आधारित शोधवृत्त प्रसिद्ध केले. या गिअरबॉक्समधील अडचणींची जाणीव मोटारी बाजारात येण्यापूर्वीच कंपनीतील अभियंत्यांना होती, असे त्यात म्हटले होते. त्यानंतर ऑगस्ट २०१९ मध्ये फोर्डने, आधीच्या वाढीव हमीत न बसलेल्या मोटारींनाही ती लागू केली. सुरुवातीच्या गुणवत्तेच्या अडचणी सोडवण्यास अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागला, ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, परंतु या मोटारी चालवण्यास सुरक्षित होत्या व आहेत, अशी कंपनीची भूमिका राहिली.

ऑस्ट्रेलियातील घडामोडी

ऑस्ट्रेलियात डीपीएस६ असलेल्या ७०,००० हून अधिक फिएस्टा, फोकस व इकोस्पोर्ट मोटारी विकल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे निम्म्या मोटारींना या गिअरबॉक्सशी संबंधित एक तरी दुरुस्ती करावी लागली. जुलै २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन स्पर्धा व ग्राहक आयोगाने फोर्डच्या ऑस्ट्रेलियातील कंपनीवर फेडरल न्यायालयात खटला भरला.

गिअरबॉक्स सदोष का बनवला, हा या खटल्याचा विषय नव्हता. तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकांशी कंपनी कशी वागली, हा त्याचा विषय होता. थरथर हे गुणवत्तेतील दोषाचे लक्षण असल्याचे ठाऊक असूनही, ती चालकाच्या मोटार चालवण्याच्या पद्धतीमुळे होते असे ग्राहकांना वारंवार सांगितले गेल्याचे कंपनीने मान्य केले. अनेक दुरुस्त्या निष्फळ ठरल्यावरही बहुतेकांना पैसे परत किंवा विनामूल्य दुसरी मोटार दिली गेली नाही. दुसरी मोटार हवी असल्यास ग्राहकाने स्वतःच्या पदरचे पैसे घालावेत, अशी योजना पुढे केली जाई.

एप्रिल २०१८ मध्ये न्यायालयाने हे वर्तन ‘सदसद्विवेकाला न पटणारे’ ठरवून कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. सुमारे २,००० तक्रारींचा त्रयस्थाकडून फेरविचार करण्याचे आश्वासनही कंपनीने दिले.

मालकांनी केलेला सामूहिक दावा याहून वेगळा होता. त्याच्या २०२१ मधील निकालात फेडरल न्यायालयाने, या मोटारी कायद्याने अपेक्षित असलेल्या ‘स्वीकारार्ह गुणवत्ते’च्या नसल्याचे ठरवले. दोषामुळे दावेदाराच्या मोटारीचे मूल्य ३० टक्क्यांनी घटले, असे न्यायालयाने मानले. ही घट कोणत्या वेळची धरावी, हा प्रश्न पुढे अपिलांत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने, मूल्यातील घट मोटार विकली गेली त्या वेळच्या स्थितीवरून मोजावी आणि तसे करताना नंतर उघड झालेली माहिती विचारात घेता येते, असे तत्त्व मांडले.

थायलंडमध्येही सुमारे ३०० मालकांनी एकत्र येऊन दावा केला. २०१८ मध्ये बँकॉकमधील न्यायालयाने त्यांपैकी बहुतेकांना भरपाई देण्याचा आदेश कंपनीला दिला.

भारतातील स्थिती

भारतात फोर्डने फिएस्टा मोटारीत २०१२ पासून पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स दिला. चेन्नईजवळील मरैमलै नगर येथे तयार होणाऱ्या इकोस्पोर्टच्या १.५ लिटर पेट्रोल आवृत्तीतही २०१३ पासून तो उपलब्ध होता. मात्र भारतात हाताने गिअर बदलण्याच्या मोटारींचा खप अधिक असल्याने पॉवरशिफ्ट मोटारींचे प्रमाण मर्यादित राहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये इकोस्पोर्टची सुधारित आवृत्ती आली तेव्हा कंपनीने दुहेरी क्लच सोडून टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स दिला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील मोटारनिर्मिती थांबवण्याची घोषणा केली.

अशा तक्रारींसाठी भारतीय कायद्यात आता दोन वाटा आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार एकसारखे हितसंबंध असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करू शकतात. सदोष उत्पादनाने झालेल्या हानीबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे स्वतंत्र प्रकरणही या अधिनियमात आहे. दुसरी वाट मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ ची आहे. पर्यावरणाला, चालक-प्रवाशांना किंवा रस्त्यावरील इतरांना अपाय करू शकणाऱ्या दोषाविषयी ठरावीक प्रमाणात मालकांनी तक्रार केल्यास, त्या प्रकारची वाहने परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकते. चाचणी संस्थेच्या अहवालावरूनही असा आदेश निघू शकतो. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही अशा मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक आहे.

तत्सम प्रकरणे

फोक्सवॅगनच्या सात गिअरांच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सबाबत (डीक्यू२००) चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर तक्रारी झाल्या. मार्च २०१३ मध्ये तेथील सरकारी दूरचित्रवाणीने हा विषय मांडल्यानंतर कंपनीने ३,८४,१८१ मोटारी परत बोलावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जगभरातील सुमारे १६ लाख मोटारींतील कृत्रिम तेल बदलून खनिज तेल घालण्याचा निर्णय झाला. उष्ण व दमट हवामानात, विशेषतः गर्दीत थांबत-थांबत चालवल्यास, त्या तेलामुळे विद्युत बिघाड होण्याचा संभव होता.

निस्सान कंपनीने २००३ ते २०१० या वर्षांच्या, पट्ट्याच्या साहाय्याने गिअरचे प्रमाण सलग बदलणाऱ्या (सीव्हीटी) गिअरबॉक्सची हमी अमेरिकेत दहा वर्षे किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली होती. त्यानंतरच्या काही मोटारींबाबतही सामूहिक दावे होऊन तडजोडी झाल्या.

महत्त्व

इंधनबचतीसाठी स्वीकारलेले नवे तंत्र दीर्घकाळच्या प्रत्यक्ष वापरात कसोटीला न उतरल्यास त्याची किंमत प्रथम ग्राहक मोजतो, याचे उदाहरण म्हणून हे प्रकरण दिले जाते. दुहेरी क्लचचे तत्त्व त्यामुळे चुकीचे ठरत नाही. ओल्या क्लचचे अनेक गिअरबॉक्स दीर्घकाळ समाधानकारक चालले आहेत.

तक्रारीच्या दृष्टीने पाहता, एकट्या मालकाची थरथरणारी मोटार हा त्याच्या चालवण्याचा दोष ठरवला जाऊ शकत होता. हजारो मालकांच्या नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या गेल्या, तेव्हा चालक वेगळे असूनही दोष तोच असल्याचे दिसून आले. ऑस्ट्रेलियातील २०१८ च्या आदेशाने, दोषाची माहिती असताना ती ग्राहकापासून लपवणे हा स्वतंत्र अपराध मानला. अमेरिकेतील तडजोडीत भरपाईची पात्रता कार्यशाळेच्या नोंदींवर ठरली. दुरुस्तीचे कागद जपून ठेवलेल्या मालकांना तिचा लाभ घेता आला आणि ज्यांच्या तक्रारी केवळ तोंडी राहिल्या, त्यांना आपले म्हणणे मांडण्यास आधार उरला नाही.

हेही पाहा

गिअरबॉक्स
क्लच
टॉर्क कन्व्हर्टर
फोर्ड मोटर कंपनी
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया